माशाचं तेल आणि मामांचं रान

भिगवणला मासे खायला येणाऱ्या पुण्याच्या मंडळींना एक गोष्ट कधीच दिसत नाही, ती म्हणजे माशाचं पोट. पहाटे उठून डिकसळ-कुंभारगावच्या बाजूला होडीत बसायचं, रोहित पक्षी बघायचे, फोटो काढायचे आणि दुपारी हायवेच्या हॉटेलात तळलेली चिलापी, मरळीचा रस्सा नि बाजरीची भाकरी. छान बेत आहे, मीही पाहुण्यांना हाच करायला लावतो. पण ती चिलापी ताटात येण्याआधी तिच्यातून जे काढून टाकलेलं असतं, ती आतडी, ते कल्ले, पोटातली पिवळट चरबी, हे सगळं मागच्या दारी निळ्या पिंपात पडलेलं असतं. दुपारपर्यंत पिंपावर माशा घोंगावतात, संध्याकाळी कुत्री आणि घारी येतात, आणि रात्री कुणीतरी ते नेऊन एखाद्या चारीत किंवा पाण्याच्या कडेला ओतून येतो. 

या पिंपाचा मी गेले दोन महिने विचार करतोय असं सांगितलं तर तुम्ही हसाल. घरचे हसलेच. पण आता प्रकरण हसण्यापलीकडे गेलंय, कारण त्या पिंपापायी आमच्या मामांचं रान गहाण पडायची वेळ आली आहे.

तर झालं असं. माझ्या मामेभावाचा थोरला मुलगा. पोरगा हुशार आहे, कष्टाळू आहे, नोकरीच्या मागे न लागता इथेच काहीतरी करायचं म्हणतो. (तो हे वाचणार आहे, त्याची आईही वाचणार आहे. तेव्हा आधीच सांगतो, खाली जे लिहिलंय त्यात राग नाही.) त्याने ठरवलंय की उजनीच्या माशांच्या टाकाऊ भागापासून तेल काढायचं आणि त्याच्या ओमेगा-३ च्या कॅप्सूल करून विकायच्या. कुणा सल्लागाराकडून प्रोजेक्ट रिपोर्टही करून आणलाय. स्पायरल बाइंडिंग, गुळगुळीत कागद आणि मुखपृष्ठावर सॅमन मासा. उजनीत सॅमन! खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं, पण वाचला सगळा.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा दिला. तेव्हापासून कर्ज, वीज, विमा यांची बोलणी आमच्याकडे चहाच्या टपरीवरही चालतात. त्यात वाईट काही नाही. उलट वर्षानुवर्षं पाण्यावर जगणाऱ्या माणसांना हे आधीच मिळायला हवं होतं. पण कर्जाला तारण लागतं, आणि इथे तारण आहे मामांचं रान.

त्या रानाची गोष्ट नात्यातल्या सगळ्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. भीमाकाठची काळी कसदार जमीन पाण्याखाली गेली. इंदापूर, करमाळा, दौंड या तालुक्यांतली कितीतरी गावं उठली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की अजून वर येतं आणि लोक कौतुकाने बघायला जातात. मामा कधीच गेले नाहीत बघायला. त्यांना पुनर्वसनात जे रान मिळालं ते म्हणजे नुसता माळ होता. दगड वेचून वेचून त्यांनी ते वाहतीला आणलं. वेचलेल्या दगडांची रास बांधावर अजून तशीच आहे, माणसाच्या छातीएवढी. आज त्या रानात डाळिंब आहे.

म्हणजे एकदा जमीन पाण्यात गेली, आता त्याच पाण्यातल्या माशांसाठी दुसरी घालवायची का, असा माझा साधा प्रश्न आहे. मामेभावाला हे बोललो तर तो म्हणाला, "तुझं आपलं काहीतरी नकारघंटेचंच. पोरगं काही करतंय तर करू दे." म्हणून मग नुसतं नको म्हणण्यापेक्षा विषयात शिरायचं ठरवलं.

आणि शिरल्यावर कळलं की तेल काढण्याला माझा विरोध नाहीच. ते काढायलाच हवं. वाद आहे तो पद्धतीचा, आणि काढलेल्या तेलाचं पुढे काय करायचं याचा.

मुळात माशाचं तेल काढणं अवघड नाही. उष्णता दिली की मांसातली प्रथिनं गोठतात, अंड्याचा पांढरा भाग गोठतो तशी, आणि त्यांनी धरून ठेवलेलं पाणी नि तेल सुटं होतं. दाबलं की दोन्ही बाहेर येतं. स्थिर ठेवलं की तेल वर तरंगतं. किनाऱ्यावरचे तारलीवर चालणारे फिशमीलचे कारखानेही मूळ हेच करतात, फक्त मोठ्या प्रमाणावर. शिजवायचं, स्क्रू प्रेसमध्ये दाबायचं, निघालेला रस सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तेल वेगळं नि पाणी वेगळं करायचं, आणि चोथा वाळवून त्याचं पीठ, म्हणजे फिशमील. घरी लोणी कढवून तूप काढणाऱ्या कुणालाही यातलं तत्त्व समजायला पाच मिनिटं पुरतात.

मी करून बघितलं. भिगवणच्या बाजारात मासे कापून देणाऱ्या एका मावशींकडे कटल्याची आतडी मागितली तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "दादा, मासं घ्या की चांगलं, आतडी कशाला?" पैसे घ्यायला तयार होईनात. शेवटी अर्धा किलो चिलापी घेतली आणि आतडी वर फुकट मिळाली. परसात तीन दगडांची चूल मांडली (घरातल्या गॅसबद्दल काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही), पित्ताची पिशवी हळूच काढून टाकली, बाकीचं बारीक कापून थोड्या पाण्यात शिजवलं. जोरात उकळू द्यायचं नाही, नुसतं हलकं रटरटत ठेवायचं. अर्ध्या तासाने फडक्यातून पिळून पातेलं झाकून ठेवलं. थंड झाल्यावर वर तेलाचा थर. पिवळं, स्वच्छ, आणि वास म्हणाल तर माशाचा, पण घाण नाही.

मग पुढच्या आठवड्यात तोच प्रयोग संध्याकाळच्या पिंपातल्या मालावर केला. उन्हात सात-आठ तास पडलेला माल. तेल निघालं, बहुधा थोडं जास्तच निघालं. पण रंग काळपट तपकिरी, आणि वास असा की शेजारचे काका कुंपणाशी येऊन काही न बोलता उभे राहिले.

या दोन पातेल्यांत जो फरक होता, तोच या सगळ्या विषयाचा गाभा आहे असं मला वाटतं. मासा मेला की त्याच्या पोटातले पाचकरस थांबत नाहीत. ते आता त्यालाच पचवायला लागतात. तेलाचे रेणू तुटून त्यांतली आम्लं सुटी होतात, आणि माशाचं तेल हवेशी फार लवकर जुळतं, म्हणजे खवट होतं. ज्या रचनेमुळे ओमेगा-३ ला एवढं महत्त्व आहे, त्याच रचनेमुळे ते टिकायला नाजूक आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारायलाच नको.

ही गोष्ट जगाने एकदा शिकून झालेली आहे. नॉर्वेत पूर्वी कॉड माशाची यकृतं पिंपात साठवून कुजत ठेवायचे आणि वर आलेलं तपकिरी तेल औषध म्हणून लोकांना पाजायचे. १८५० च्या दशकात पीटर मोलर नावाच्या माणसाने ताजी यकृतं वाफेवर गरम करून तेल काढलं, ते स्वच्छ नि फिकट निघालं. पुढे कॉड लिव्हर ऑइलची जी ख्याती झाली ती या पद्धतीमुळे. आपल्याकडे मलबार किनाऱ्यावर तारली कुजवून तेल काढायची चाल होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे फ्रेडरिक निकल्सन यांनी तिथल्या लोकांना ताजी तारली उकळून आणि दाबून तेल काढण्याच्या मागे लावलं. चोथा खत म्हणून जायचा. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचं कॉड लिव्हर ऑइल यायचं बंद झालं तेव्हा आपल्याकडे मुशीच्या, म्हणजे शार्कच्या यकृताच्या तेलाचा धंदा उभा राहिला. शार्कोफेरॉलची बाटली ज्यांनी लहानपणी नाक दाबून प्यायली आहे त्यांना वेगळं सांगायला नको :-)

असो. सांगायचं एवढंच की यंत्र कुठलं हा नंतरचा प्रश्न. मासा कापल्यापासून चुलीवर जाईपर्यंत किती तास गेले, हा पहिला. आणि पन्नास पानांच्या त्या रिपोर्टात हा पहिला प्रश्न कुठेच नाही. "कच्चा माल: मुबलक व मोफत" एवढं लिहून सल्लागार थेट यंत्राच्या किमतीवर गेलेत.

यंत्र तरी कसलं? सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडचं. कल्पना सुंदर आहे हे मान्य. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर तापवला आणि हवेच्या साधारण ७३ पट दाबाच्या पलीकडे नेला की तो धड वायूही राहत नाही, धड द्रवही नाही. वायूसारखा सगळीकडे शिरतो आणि द्रवासारखं तेल विरघळवून घेतो. दाब काढला की तो उडून जातो आणि मागे तेल उरतं. ना आग, ना रसायनाचा अंश, ना फारशी उष्णता. पण मालात पाणी चालत नाही. आतड्यांत निम्म्याहून अधिक पाणी असतं, म्हणजे आधी ती वाळवायची, तीही खवट न होता, म्हणजे थंडीत गोठवून. मग एवढ्या दाबाची जाड पोलादी भांडी, पंप, ते चालवणारा प्रशिक्षित माणूस. आणि वीज. आमच्याकडे थ्री-फेज कधी येते नि कधी जाते याचं वेळापत्रक माणसांना पाठ असतं, यंत्राला कोण सांगणार?

दुसऱ्या दोन पद्धतींना रिपोर्टाने एकेक परिच्छेद दिलाय. एक हेक्झेनची. सोयाबीनच्या गिरण्यांत पेंडेतलं शेवटचं तेल याच द्रावकाने ओढून काढतात. पेट्रोलसारखं पेटतं ते, हौशी माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये, विषय संपला. दुसरी एन्झाइमची, म्हणजे विकरांची. आतडी बारीक करून ५०-६० अंशांवर ठेवायची, बाजारात मिळणारं अल्कलेजसारखं विकर घालायचं, ते तासा-दोन तासांत प्रथिनं तोडून टाकतं आणि अडकलेलं तेल मोकळं होतं. मग एकदा ९० अंशांपर्यंत तापवून विकर मारायचं नि गाळायचं. ही पद्धत मला मनापासून आवडली, कारण कमी उष्णतेत चांगलं तेल निघतं आणि खाली उरणारं प्रथिनांचं पाणीही उपयोगाचं असतं. पण तेल, पाणी आणि मधला साबणासारखा फेस वेगळा करायला सेंट्रिफ्यूज लागतंच. पुढे कधीतरी होईल, आज नको.

आता कॅप्सूलबद्दल. इथे मला ठाम बोलायचं आहे.

एक म्हणजे उजनीचे मासे समुद्रातले नाहीत. तारलीच्या तेलात ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ आम्लं मिळून साधारण पाव हिस्सा भरतात, कारण समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून ती वर चढत येतात. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याच्या आणि चिलापीच्या पोटातल्या चरबीत ती त्या मानाने फारच थोडी. तिथे मुख्य भरणा ओलेइक आणि पामिटिक आम्लांचा, म्हणजे शेंगदाण्याच्या नि पामच्या तेलात असतात तीच. कॅप्सूलवर "ओमेगा-३" छापायचं तर आधी त्या तेलावर बऱ्याच प्रक्रिया करून ते घट्ट करावं लागेल. त्यापेक्षा जवस खा म्हणावं. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं असतं हे मला माहीत आहे, लगेच मेल करू नका.

दुसरं कारण बोलायला अवघड आहे, कारण ते आपल्याच घराबद्दल आहे. उजनीत पाणी कुठून येतं? पुणे नि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून वाहत येतं, रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं, आणि भीमा ते सगळं उजनीत आणून सोडते. ११७ टीएमसीच्या त्या धरणात ते साठतं. उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, वास येतो, जलपर्णी माजते. त्या हिरव्या पाण्यावर चिलापी मात्र पोसते. मूळची आफ्रिकेची, शेवाळ खाणारी, कमी प्राणवायूत तग धरणारी; तिला हे पाणी मानवलं. मी चिलापी खातो, पुढेही खाणार. पण मांस खाणं वेगळं आणि तेल पिणं वेगळं. जे पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत, काही कीटकनाशकं, कारखान्यांतली काही रसायनं, ते चरबीत जाऊन बसतात. आणि आपण तीच चरबी वितळवून, गाळून, कॅप्सूलमध्ये भरणार, आणि लोक ती रोज सकाळी तब्येतीसाठी गिळणार, त्यात कुणाची गरोदर सूनही असणार. प्रत्येक बॅचची नीट तपासणी केल्याशिवाय ते तेल कुणाच्याही पोटात जाता कामा नये. तपासणीचा खर्च रिपोर्टात एका ओळीत उरकलाय.

"मग काका, ओतून द्यायचं का सगळं?" पोराने विचारलं. बरोबर विचारलं.

ओतून द्यायचं नाही. साबण करायचा.

हसू नका. द्राक्ष-डाळिंब-सीताफळवाल्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळलं असेल. पिठ्या ढेकूण, म्हणजे आपण ज्याला सरळ मिलीबग म्हणतो, त्याच्या अंगावर मेणाचा पांढरा थर असतो आणि औषध त्यावरून घसरून जातं. त्यासाठी फिश ऑइल रोझिन सोपची शिफारस असते, लिटरला २५ ग्रॅम. माशाचं तेल, राळ आणि कॉस्टिक यांचा हा साबण. तो मेण सैल करतो, किडीचा श्वास कोंडतो, आणि बरोबरचं औषध आत पोचू देतो. आमच्या इंदापूर तालुक्यातले बागायतदार पैसे मोजून बाहेरून आलेला फिश ऑइलचा साबण घेतात, तो गाडीत टाकून भिगवणच्या बाजारावरून जातात, आणि तिथे चारीत माशांचं तेल कुजत असतं. या गोष्टीवर मला रात्री दोन वाजता जाग येऊन हसू आलं आणि मग बराच वेळ झोप आली नाही.

शिवाय साबण हा फार क्षमाशील पदार्थ आहे. तेल थोडं खवट झालं, त्यातली आम्लं सुटी झाली, तरी कॉस्टिक त्यांचाही साबणच करतं. कॅप्सूलला जो माल बाद, तो साबणाला चालतो. रंग काळा आला तर मिलीबगला काय फरक पडतो?

माझे दुसरे एक नातेवाईक आहेत, माळकरी, कांदा-लसूणसुद्धा बेताने. त्यांच्या बागेत फिश ऑइलचा डबा बघून मी विचारलं, "अण्णा, हे कसं चालतं?" तर म्हणाले, "माळ मी घातलीय, द्राक्षाने नाही."

आता हिशेब. हिशेब माझा आहे, अंदाजाचा आहे, चुकत असेल तर सांगा. समजा कापून देणाऱ्या दहा टपऱ्या, प्रत्येकी दिवसाला वीस किलो मासे. दोनशे किलो माशांची आतडी दहावा हिस्सा धरली तर वीस किलो. (डोकी धरायची नाहीत. डोक्याचं कालवण आपण सोडत नाही, युरोपातले आकडे इथे लावले की रिपोर्ट फसतो तो असा.) त्यातून चुलीच्या पद्धतीने पंधरा टक्के तेल निघालं तर तीन किलो. राळ, पोटॅश नि पाणी धरून त्याचा साधारण सहा किलो मऊ साबण. लिटरला २५ ग्रॅमने २४० लिटर फवारा. म्हणजे दहा टपऱ्यांच्या एका दिवसाच्या घाणीत अंदाजे एका एकराची एक फवारणी.

कारखान्यासाठी हा आकडा फारच छोटा आहे. तीन किलो तेलासाठी कुणी सुपरक्रिटिकल यंत्र घेत नाही. पण एका घरासाठी, चार जणांच्या गटासाठी तो छोटा नाही. आणि यात गहाण टाकायला लागतं ते फार तर एक मोठं पातेलं.

साठवणीचं काय, हा खरा अडचणीचा मुद्दा. रोज वीस किलोसाठी चूल पेटवणं परवडणार नाही, आणि ठेवलं तर कुजणार. इथे मला सायलेज सापडलं. मक्याचा मुरघास आपण करतो ना, तसाच माशाचा मुरघास. बारीक केलेल्या आतड्यांत वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास फॉर्मिक आम्ल मिसळायचं. सामू चारच्या खाली गेला की कुजवणारे जंतू थांबतात, पण माशाचे स्वतःचे पाचकरस चालू राहतात. आपल्या उन्हाळ्यात काही दिवसांत सगळ्याचं पातळ कालवण होतं आणि तेल आपोआप वर येतं. घाण वास जातो, आंबूस वास राहतो. वीज लागत नाही, जाळ लागत नाही. एक प्लॅस्टिकची झाकणाची बादली, लाकडी दांडका, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. फॉर्मिक आम्ल कातडी जाळतं, तिथे हयगय नको. 

आम्ल नको असेल तर गोड मार्ग आहे. मळी घालून आंबवायचं, दह्याच्या विरजणासारखे जंतू मळीतली साखर खाऊन स्वतःच आम्ल तयार करतात. बारामती-इंदापुरात साखर कारखान्यांना तोटा नाही, मळी दारातच आहे असं वाटतं, पण मळीवर उत्पादन शुल्क खात्याचा पहारा असतो (कारण उघड आहे), परवान्याशिवाय पिंपभर मळी घरी आणून ठेवता येत नाही. गूळ चालतो. सेंद्रिय शेतीवाले मासे नि गूळ समसमान घेऊन फिश अमिनो आम्ल करतात ते याचंच भावंडं, फक्त त्यांना वर आलेलं तेल नको असतं. आपल्याला तेच हवं आहे. तेल वरून काढून घ्या, खालचं पाणी भरपूर पातळ करून डाळिंबाला द्या.

साबणातल्या अडचणीही लिहून ठेवतो, नाहीतर म्हणाल एकच बाजू सांगतो. किलोभर तेलाला साधारण १९० ग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागतं, सोडा घेतला तर १३५ च्या आसपास, आणि राळेचं वेगळं धरायचं. जास्त झालं तर पानं करपतात. पोटॅशचा साबण मऊ होतो नि पाण्यात लवकर विरघळतो, म्हणून फवाऱ्याला तो बरा. सगळ्यात मोठं दुखणं आमच्या बोअरच्या पाण्याचं. जड पाण्यात साबण फुटतो, वर पांढरी साय येते आणि नोझल तुंबतं. पावसाचं साठवलेलं पाणी किंवा शेततळं. आणि विकायचा विचार असेल तर कीटकनाशक कायदा, १९६८, आडवा येतो. नोंदणीशिवाय कीडनाशक म्हणून विकता येत नाही. स्वतःच्या बागेत आधी दोन हंगाम वापरून बघावा, विक्रीचं नंतर बघू.

तपासणीसाठीही लांब जायला नको. माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे, शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे. माशाच्या तेलावर आयुष्य घालवलेली माणसं कोचीनच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेत आहेत, १९५७ पासून. सल्लागाराला दिले त्या पैशांत पोराचं कोचीनचं जाणं-येणं झालं असतं.

एक गोष्ट मात्र करू नये, आणि ती आपल्याकडे झालेली आहे. टाकाऊ माल फुकट मिळतो म्हणून लोकांनी कोंबडीच्या दुकानातली घाण खाऊ घालून तळ्यांत आफ्रिकन मांगूर पोसला. केंद्राने २००० सालीच बंदी घातलेला मासा. इंदापूर तालुक्यातली तशी तळी मोडावी लागली. माशाचा मुरघास करून तो मांगूरला घालायचा "सुवर्णमध्य" कुणी सुचवला तर कृपया त्याला चहा देऊन वाटेला लावा.

त्यापेक्षा उजनीत आता सकर मासा झालाय, त्याच्याकडे बघा. काचेच्या टाकीत शोभेला ठेवतात तो, अंगावर चिलखत, कुणी खात नाही, जाळी फाडतो. मच्छीमार वैतागून काठावर फेकून देतात. मेक्सिकोत इन्फिएर्निलो नावाच्या धरणात हाच घोळ झाला. तिथेही धंदा चिलापीचा, तिथेही हा पाहुणा येऊन बसला. तिथल्या लोकांनी त्याचं पीठ आणि सायलेज करून बघितलं. काठावर फेकलेला सकर उचलून बादलीत टाकला तर जाळं फाटलेल्या माणसाला निदान थोडं काही मिळेल. त्याच्यात तेल किती निघतं ते पुढच्या पातेल्यात बघणार आहे, चिलखत फोडायला कुऱ्हाड लागणार असं दिसतंय.

गेल्या रविवारी मामांच्या रानात गेलो होतो. रिपोर्ट वहिनींनी कपाटावर ठेवलाय, बँकेची तारीख पुढे ढकलली आहे. रद्द केलेली नाही. पोरगा अजून पूर्ण पटलेला नाही. "काका, तुमच्या साबणात पैसा किती?" असं त्याने सरळ विचारलं आणि मीही सरळ सांगितलं की पहिल्या वर्षी बहुतेक बागेच्या औषधाचे वाचतील तेवढेच. तो गप्प बसला. मग आम्ही दोघांनी मिळून दहा किलो आतड्यांची एक बादली लावली. वहिनींची अट अशी की बादली घरापासून निदान शंभर पावलं लांब पाहिजे, म्हणून ती दगडांच्या राशीपाशी ठेवली आहे. झाकणावर राशीतलाच एक मोठा दगड ठेवलाय, मांजरासाठी. पोरगा रोज संध्याकाळी जाऊन दांडक्याने ढवळतो आणि मला फोन करून तेल किती बोटं आलं ते सांगतो. काल दीड बोट होतं.